बार-रेस्टॉरंटसाठी पेमेंट सिस्टिम निवडताना आधी कार्डाचा नंबर कुठे जातो ते बघा

दोन महिन्यांनी तुम्ही साठ खुर्च्यांचं रेस्टॉरंट आणि त्याला लागून बार सुरू करताय. हातात तीन कोटेशनं आहेत. पहिलं बँकेच्या साध्या कार्ड मशीनचं, त्याचा बिलिंगशी संबंध नाही. दुसरं बिलिंग सॉफ्टवेअरला जोडलेल्या, टेबलापर्यंत नेता येणाऱ्या वायरलेस मशीनचं. तिसरं सगळ्यांत स्वस्त: एक टॅबलेट, त्यावरच बिलिंग आणि कार्डासाठी शेजारी छोटा रीडर. तिघेही 'आमची सिस्टिम शंभर टक्के सुरक्षित' असं सांगतात, तर यातलं खरंच सुरक्षित कोणतं, असं तुम्ही विचारलंय.

मी सतरा वर्षं हेच काम करते. हॉटेलं, बार, कॅफे इथे पेमेंटची यंत्रणा बसवायची आणि काही बिनसलं की काय झालं ते शोधायचं. या अनुभवावरून सांगते, तिन्ही कोटेशनं शेजारी ठेवून मशीनची तुलना करत बसलात तर उत्तर सापडणार नाही. बाजारात मिळणारी बहुतेक मान्यताप्राप्त मशीनं स्वतः बऱ्यापैकी मजबूत असतात. नुकसान होतं ते मशीनच्या आजूबाजूला: बिलिंगच्या कॉम्प्युटरमध्ये, राउटरमध्ये, काउंटरच्या ड्रॉवरमध्ये आणि रात्री बंद करायच्या घाईत. म्हणून तुमचा प्रश्न मी दोन भागांत मांडते. गिऱ्हाइकाच्या कार्डाचा नंबर तुमच्या कुठल्या कुठल्या वस्तूला शिवतो? आणि पैसे परत करायचं, बिल रद्द करायचं बटण कोणाकोणाच्या हातात आहे?

पहिला भाग घेऊ. एक कोरा कागद घ्या आणि प्रत्येक विक्रेत्याला त्यावर रेघ काढायला सांगा. कार्ड रीडरला लागलं, तिथून नंबर कुठे गेला, पुढे कुठे गेला, बँकेपर्यंत कसा पोचला. मी हे प्रत्येक मीटिंगमध्ये करायला लावते. ज्याला आपली सिस्टिम माहीत आहे तो दोन मिनिटांत रेघ काढून देतो. ज्याला माहीत नाही तो 'सगळं क्लाउडवर असतं' म्हणून विषय बदलतो. ती रेघ तुमच्या बिलिंगच्या कॉम्प्युटरमधून किंवा टॅबलेटमधून जात असेल, तर नंबर तिथे उघडा असतो की कुलूपबंद, हे तिथल्या तिथे विचारा.

हा आग्रह का, ते सांगते. चिप असलेलं कार्ड मशीनमध्ये घातलं किंवा टेकवलं की चिप त्या एका व्यवहारापुरता एक वेगळा कोड तयार करते. तो कोड चोरीला गेला तरी चोराला दुसऱ्यांदा वापरता येत नाही, आणि त्यावरून चिपचं बनावट कार्डही बनत नाही. कार्डाच्या मागच्या काळ्या पट्टीचं तसं नसतं. पट्टीवर जे लिहिलंय ते दर वेळी तेच, म्हणून ती एकदा वाचली की नक्कल तयार. मास्टरकार्डने २०२१ मध्येच जाहीर केलं की २०३३ पर्यंत त्यांच्या कार्डांवर पट्टी राहणार नाही. पण चिप आली म्हणजे सगळं झालं, हा गैरसमज मला अजूनही जागोजागी भेटतो. चिपचा कोड एकदाच चालत असला तरी कार्डाचा नंबर आणि मुदतीची तारीख व्यवहाराबरोबर जातातच. वाटेत कुणी ते उचललं तर ज्या ऑनलाइन दुकानांत तपासणी सैल आहे तिथे वापरता येतात.

म्हणून नंबर रीडरमध्ये शिरला त्याच क्षणी, रीडरच्या आतच, तो कुलूपबंद व्हायला हवा, आणि किल्ली फक्त पलीकडे पेमेंट प्रोसेसरकडे, म्हणजे व्यवहार बँकेपर्यंत पोचवणाऱ्या कंपनीकडे हवी. याला पॉइंट-टू-पॉइंट एन्क्रिप्शन म्हणतात. अशी सोय असली की मधला कॉम्प्युटर, वायफाय, टॅबलेट यांतून जातो तो नुसता गिचमिड मजकूर. तुमच्या बिलिंगच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस घुसला तरी त्याला कार्डाचा नंबर मिळत नाही.

ही काल्पनिक भीती नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानांच्या साखळीतून सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती गेली. चोर आत आले ते रेफ्रिजरेशनचं काम करणाऱ्या कंत्राटदाराचं लॉगिन वापरून, आणि कॅश काउंटरच्या मशीनच्या मेमरीत कार्डाचा नंबर जो क्षणभर उघडा असायचा, तेवढ्यातच त्यांचा प्रोग्राम तो उचलायचा. २०१६ मध्ये वेंडीज या रेस्टॉरंट साखळीच्या १,००० पेक्षा जास्त ठिकाणी हाच प्रकार उघड झाला. तिथे दार होतं सपोर्ट देणाऱ्या बाहेरच्या कंपन्यांचं रिमोट लॉगिन. दोन्हीकडे कार्डाचा नंबर बिलिंगच्या मशीनमध्ये उघडा येत होता, हे मूळ. तिथे तो आलाच नसता तर आत शिरलेल्या चोराला कार्डांचं घबाड मिळालं नसतं.

आता तुमची तीन कोटेशनं या कागदावर ठेवून बघू.

बँकेचं साधं मशीन बिलिंगशी बोलत नाही, त्यामुळे नंबर तुमच्या कुठल्याच कॉम्प्युटरला शिवत नाही. रेघ सर्वांत छोटी. या दृष्टीने ते अगदी चांगलं आहे. त्रास दुसरीकडे आहे. बिलाची रक्कम वेटर हाताने टाकणार. गर्दीच्या वेळी एखादं शून्य कमी पडतं, किंवा सात नंबर टेबलचं बिल सतरा नंबरच्या कार्डावर जातं. रात्री बिलिंगचा आकडा आणि मशीनचा आकडा जुळत नाही, आणि रोजच फरक पडत असला की तो चुकीमुळे आहे की चोरीमुळे हे कुणी शोधत नाही. काउंटरवर एकच माणूस पैसे घेत असेल, वीस-पंचवीस खुर्च्या असतील, तर मी हेच घ्या म्हणते. साठ खुर्च्या आणि बार म्हटल्यावर हा फरक तुम्हाला रोज छळेल.

दुसऱ्यात नेमकं कसं जोडलंय यावर सगळं आहे. चांगल्या जोडणीत बिलिंग सॉफ्टवेअर मशीनला फक्त रक्कम पाठवतं. मशीन स्वतः थेट प्रोसेसरशी बोलतं आणि बिलिंगला परत सांगतं ते एवढंच: पैसे मिळाले की नाही, कार्डाचे शेवटचे चार अंक कोणते आणि एक टोकन. टोकन म्हणजे खऱ्या नंबराऐवजी दिलेला निरुपयोगी आकडा. पुढे पैसे परत करायचे झाले तर तो चालतो, चोराला मात्र त्याचा उपयोग नाही. या पद्धतीला सेमी-इंटिग्रेटेड म्हणतात. विक्रेत्याला हाच शब्द वापरून विचारा, आणि उत्तर ईमेलवर घ्या. हे असेल तर तुमच्या जागेसाठी माझी पसंती याला. 'पूर्ण इंटिग्रेटेड' म्हणून कुणी कार्डाचा नंबर बिलिंगमधून नेत असेल, तर दिसायला ते कितीही सुटसुटीत असो, मी बसवून देणार नाही.

तिसऱ्याबद्दल सरसकट वाईट बोलणार नाही. टॅबलेटवर चालणाऱ्या काही सिस्टिम फार चांगल्या आहेत. रीडर स्वतःच्या पोटात एन्क्रिप्शन करतो का, आणि त्या रीडरचं मॉडेल पीसीआय काउन्सिल या कार्ड-सुरक्षेचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या मान्यताप्राप्त यादीत मुदत न संपलेलं आहे का, हे दोन प्रश्न त्याला विचारा. यादी काउन्सिलच्या वेबसाइटवर कुणालाही बघता येते, मॉडेलच्या नावासमोर मुदतीची तारीख असते. स्वस्त कोटेशनमध्ये पुष्कळदा मुदत संपत आलेला माल खपवला जातो. दुसरं म्हणजे टॅबलेट हा शेवटी टॅबलेट आहे. त्यावर कर्मचारी गाणी लावतात, मेसेज बघतात, कुणीतरी गेम टाकतो. तो एकाच ॲपवर कुलूपबंद करून मिळणार असेल आणि त्याचे अपडेट निदान चार-पाच वर्षं येत राहणार असतील तरच विचार करा.

पीसीआयचा उल्लेख झालाच आहे, तर तेही सांगते, कारण तिघांपैकी कुणीतरी 'आमची सिस्टिम पीसीआय सर्टिफाइड आहे, तुम्हाला काही करावं लागत नाही' असं म्हणालं असणार. ते अर्धंच खरं असतं. पाच मोठ्या कार्ड कंपन्यांनी २००६ मध्ये पीसीआय काउन्सिल स्थापन केली, आणि तिचे पीसीआय डीएसएस नावाचे नियम कार्ड घेणाऱ्या प्रत्येक धंद्याला लागू आहेत, मग तो एका काउंटरचा का असेना. जुनी ३.२.१ आवृत्ती ३१ मार्च २०२४ ला बाद झाली, आणि नव्या ४ मालिकेतल्या ज्या अटींना मुदत दिली होती त्याही ३१ मार्च २०२५ पासून बंधनकारक झाल्या. मशीनला मान्यता असते, सॉफ्टवेअरला असते, पण जागेचं पालन तुमचंच. छोट्या धंद्यांना दर वर्षी स्वतःच भरायचा एक फॉर्म असतो. मान्यताप्राप्त पॉइंट-टू-पॉइंट एन्क्रिप्शन असलं की तो फॉर्म काही डझन प्रश्नांत आटोपतो. नंबर तुमच्या कॉम्प्युटरमधून जात असेल तर तोच फॉर्म शेकडो प्रश्नांचा होतो. विक्रेत्याला विचारा, 'तुमची सिस्टिम घेतली तर मला कोणता फॉर्म भरावा लागेल?' या एका प्रश्नाने त्याच्या सिस्टिमचा सगळा आराखडा कळतो.

इथे एक प्रसंग सांगते. एका रेस्टॉरंटमध्ये मी नवीन मशीनं बसवायला गेले होते. उत्तम यंत्रणा, एन्क्रिप्शन, सगळं नीट. काउंटरच्या खालच्या ड्रॉवरमध्ये चार्जर शोधताना एक जाड वही हाताला लागली. फोनवर मोठी बुकिंग घेताना ॲडव्हान्ससाठी लोकांचे कार्ड नंबर त्यात लिहिलेले. नंबर, मुदत आणि मागचे तीन अंकही. पानं भरत आली की नवी वही. जुन्या वह्या कुठे आहेत ते कुणालाच सांगता येईना. मागचे तीन अंक व्यवहार झाल्यावर कुठेही, कुठल्याही रूपात ठेवायला परवानगी नाही, कुलूपबंद करूनही नाही. त्या मालकीणबाई प्रामाणिक होत्या, त्यांना फक्त कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही त्याच दुपारी सगळ्या वह्या शोधल्या, श्रेडरमध्ये घातल्या, आणि बुकिंगसाठी पेमेंट लिंक पाठवायची पद्धत सुरू केली. गिऱ्हाईक स्वतःच्या फोनवर पैसे भरतं, नंबर तुमच्या कानावरही पडत नाही. तुम्ही पहिल्या दिवसापासून असंच करा, आणि मशीनवर नंबर हाताने टाकायची सोय बंदच करून घ्या. ती उघडी राहिली की कधीतरी कुणीतरी वापरतोच.

आता बार, कारण तुमच्या तिन्ही कोटेशनांत बारचा विचार मला दिसत नाही. जेवणाचं बिल एकदा येतं आणि भरलं जातं. बारमध्ये गिऱ्हाईक दोन-तीन तास बसतं, ऑर्डर वाढत जाते आणि बिल शेवटपर्यंत उघडं राहतं. पैसे न देता कुणी निघून जाऊ नये म्हणून बऱ्याच ठिकाणी गिऱ्हाइकाचं कार्डच काउंटरमागे ग्लासात किंवा फाइलमध्ये ठेवून घेतात. हे कृपा करून करू नका. दुसऱ्याचं कार्ड घेऊन माणसं घरी जातात, कार्डं हरवतात, आणि काउंटरमागे फोन घेऊन उभा असलेला कुणीही दोन सेकंदांत पुढून-मागून फोटो काढू शकतो. पुढे महिनाभराने त्या कार्डावर कुठेतरी गैरव्यवहार झाला की गिऱ्हाइकाला आठवतो तो तुमचाच बार.

याला उपाय प्री-ऑथचा. बिल उघडताना गिऱ्हाईक कार्ड मशीनला टेकवतं, ठरावीक रक्कम रोखून ठेवली जाते, आणि कार्ड लगेच परत त्याच्या खिशात. सॉफ्टवेअरकडे टोकन राहतं. ऑर्डर वाढली की रोखलेली रक्कम वाढवता येते. गिऱ्हाईक न सांगता निघून गेलं तरी टोकनवर बिल बंद करता येतं. विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा: प्री-ऑथ आहे का, रक्कम मध्येच वाढवता येते का, आणि बिल बंद झाल्यावर रोखलेली उरलेली रक्कम आपोआप मोकळी होते का. तिसरी गोष्ट लोक विसरतात. ती झाली नाही तर गिऱ्हाइकाचे पैसे दिवसेंदिवस अडकून राहतात, आणि त्याचे फोन मॅनेजरला येतात. किती रक्कम रोखणार आहात याची पाटी काउंटरवर ठळक लावा.

बारचा दुसरा प्रश्न घड्याळाचा. मशीन दिवसभराचे व्यवहार एकत्र करून रोज एका ठरावीक वेळी प्रोसेसरकडे पाठवतं, त्याला बॅच बंद होणं म्हणतात. एका बारमध्ये ती वेळ रात्री बाराची लावलेली होती, कारण बसवणाऱ्याने तेवढंच विचारात घेतलं. बार चालायचा पहाटे दोनपर्यंत. साडेअकराला प्री-ऑथ झालेलं बिल दीडला बंद व्हायचं, तोवर बॅच निघून गेलेली. काही बिलांत टिप मिळाली नाही, काहींत दोनदा पैसे कापले गेले, आणि महिना-दीड महिना सगळे एकमेकांवर संशय घेत होते. एका बारटेंडरची नोकरी जाता जाता वाचली. मी लॉग उघडून पाहिला तर एकूणएक गडबड बाराच्या आसपासची. बॅचची वेळ पहाटे पाचवर नेली, बाकी काहीच केलं नाही. त्यानंतर तक्रार आली नाही. म्हणून बिलिंगचा दिवस आणि मशीनचा दिवस एकाच वेळी संपतो का, हे बसवतानाच बघून घ्या.

टिपबद्दल थोडक्यात. पैसे कापल्यावर नंतर हाताने टिप वाढवायची सोय असेल तर दोनाचे पाच करायची संधी तिथे असते. गिऱ्हाईक स्वतः मशीनवर टिप निवडेल आणि मगच पैसे कापले जातील, अशी पद्धत ठेवा. त्यासाठीच मशीन टेबलापर्यंत जाणारं हवं. कार्ड गिऱ्हाइकाच्या नजरेआड गेलंच नाही तर निम्मी चिंता मिटते.

यानंतर दुसरा मोठा भाग, बटणांचा. कार्डचोरीपेक्षा जास्त पैसा मी इथून जाताना पाहिला आहे. साधा प्रकार असा: बिल छापलं, गिऱ्हाइकाने रोख दिली, ते गेल्यावर बिल रद्द केलं, रोख खिशात. दुसरा प्रकार रिफंडचा. दिवसातून एकदा, छोटीशी रक्कम, स्वतःच्या किंवा ओळखीच्या कार्डावर. रोजच्या गल्ल्यात ते दिसत नाही. म्हणून रिफंड मूळ कार्डावरच व्हावा, दुसऱ्या कार्डावर करताच येऊ नये, ही सेटिंग मागून घ्या. छापलेलं बिल रद्द करायला मॅनेजरचा पिन लागावा. प्रत्येक माणसाचं लॉगिन वेगळं असावं, आणि नोकरी सुटली त्याच दिवशी ते बंद व्हावं. चौघांत एकच पिन वापरला जात असेल तर रिपोर्ट कितीही सुंदर असला तरी त्यावरून काही कळत नाही. आणि मशीनचा स्वतःचा ॲडमिन पासवर्ड बदलून घ्या. २०१५ मध्ये एका सुरक्षा परिषदेत तज्ज्ञांनी दाखवलं होतं की एका मोठ्या मशीन बनवणाऱ्या कंपनीचा मूळ पासवर्ड १९९० पासून तोच होता आणि असंख्य दुकानांनी तो कधी बदललाच नव्हता.

रोज सकाळी पाच मिनिटं काढून रद्द बिलं, रिफंड आणि सूट हे तीन रिपोर्ट स्वतः बघा. कुणाला पकडायचं म्हणून नको. रोज कुणीतरी बघतंय हे माहीत असलं की प्रामाणिक माणसावर उगाच संशय येत नाही, आणि डळमळणाऱ्याला आधीच आवर बसतो. हे रिपोर्ट फोनवर दिसतात का, ते डेमोमध्ये दाखवून घ्या.

आता मशीनकडेच जरा जवळून बघा. उलटं करा. मागे स्टिकरवर सीरियल नंबर असतो, बाजूला स्क्रूच्या जागी बहुतेकदा एक सील. नवीन आलं की पुढून, मागून आणि कार्ड घालायच्या खाचेचा असे तीन फोटो काढून ठेवा, सीरियल नंबर वहीत लिहा. बंद करताना मॅनेजरने मशीनं मोजावीत आणि आठवड्यातून एकदा नंबर पडताळावेत. खाचेत काही जाडसर लागतंय का, कीपॅडवर आणखी एक थर आहे का, रंगात किंचित फरक आहे का. मशीन बदलून तसंच दिसणारं, आत चोरीचा भाग बसवलेलं मशीन ठेवणं हा जुना आणि अजूनही चालणारा डाव आहे. माझ्या एका गिऱ्हाइकाकडे गर्दीच्या वेळी गळ्यात ओळखपत्र घातलेला एक माणूस आला, 'अपडेटसाठी मशीन बदलायचंय' म्हणाला. कॅशियर नवीन मुलगी होती. तिने मशीन दिलं नाही. त्याला बसायला सांगितलं आणि भिंतीवर चिकटवलेल्या सपोर्टच्या नंबरवर फोन लावला. फोन उचलला जाईपर्यंत तो निघून गेला होता. तिला फक्त एवढंच शिकवलेलं होतं की आधी फोन, मग मशीन. तुमच्या लोकांनाही हे शिकवा, आणि नंबर आलेल्या माणसाकडून न घेता भिंतीवरचाच वापरायचा हेही सांगा.

क्यूआर कोडने पैसे घेणार असाल तर टेबलावर चिकटवलेल्या छापील कोडवर दुसऱ्याचा कोड चिकटवणं फार सोपं असतं. रक्कम भरलेला कोड मशीनच्या पडद्यावर दाखवणं त्याहून बरं. आणि पैसे आले की नाही हे गिऱ्हाइकाच्या फोनवर न बघता तुमच्या मशीनवर बघायचं. फोनवरचा स्क्रीनशॉट कुणीही तयार करतो.

इंटरनेटचं काम बहुतेक मालक शेवटी आणि घाईत करतात, म्हणून आत्ताच सांगते. पाहुण्यांचं वायफाय आणि पेमेंटचं नेटवर्क एकमेकांना दिसता कामा नये. कॅमेरे, म्युझिक सिस्टिम, फ्रिजचं तापमान बघणारं यंत्र हे सगळं पेमेंटपासून वेगळं. राउटरचा मूळ पासवर्ड बदललेला हवा. बिलिंगच्या विक्रेत्याचं रिमोट लॉगिन कायम उघडं नको. काम असेल तेव्हा तुम्ही उघडायचं आणि पासवर्डबरोबर फोनवर येणारा कोडही लागला पाहिजे. वेंडीजचं उदाहरण याचसाठी सांगितलं.

इंटरनेट बंद पडल्यावर काय, हा प्रश्नही विचारा. बरीच मशीनं ऑफलाइन व्यवहार साठवून नंतर पाठवतात. सोय चांगली आहे, पण नंतर बँकेने नकार दिला तर तो तोटा तुमचा, कारण गिऱ्हाईक केव्हाच गेलेलं असतं. म्हणून मशीनमध्ये सिमकार्डाची पर्यायी जोडणी असलेलं बरं, आणि ऑफलाइन व्यवहाराला एका बिलाची आणि एकूण रकमेची मर्यादा लावलेली असावी. चिप चालत नाही म्हणून पट्टी ओढायची सवयही लागू देऊ नका. बनावट कार्ड निघालं आणि तुमच्याकडे पट्टी ओढली गेली असेल तर नुकसान तुमच्या माथी येऊ शकतं.

चार्जबॅक, म्हणजे गिऱ्हाइकाने बँकेकडे 'हा व्यवहार माझा नाही' म्हणून पैसे परत मागणं. त्याला बहुतेक बाबतींत १२० दिवसांपर्यंत मुदत असते. म्हणून आयटमवार बिल, वेळ, टेबल नंबर आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक त्याहून जास्त काळ शोधता येईल असा ठेवा. नावाचीही काळजी घ्या. कार्डाच्या स्टेटमेंटवर तुमच्या रेस्टॉरंटचं नाव येण्याऐवजी कंपनीचं अनोळखी नाव आलं, तर प्रामाणिक गिऱ्हाईकही बावचळून तक्रार करतं. अर्ज भरतानाच हे नाव नीट सांगा.

करारात दोन गोष्टींवर बोट ठेवते. मशीन भाड्याने असेल तर मध्येच सोडता येतं का. आणि पुढे प्रोसेसर बदलला तर टोकन तुमच्याबरोबर येतात का. नाही आले तर नियमित गिऱ्हाइकांची साठवलेली सगळी माहिती मागे राहते. बाकी दर आणि कमिशनची तुलना तुम्ही माझ्यापेक्षा चांगली कराल.

यात परिस्थितीनुसार बदलणारं बरंच आहे. तुमच्याकडे टिपची पद्धत कशी आहे, लोक रोख जास्त देतात की कार्ड, बिलिंगचं सॉफ्टवेअर आधीच घेऊन झालंय का, यावर उत्तर थोडं सरकेल. आत्ता हातात आहे त्यावरून मी दुसरं घेईन, पण जोडणी सेमी-इंटिग्रेटेड आहे आणि एन्क्रिप्शन मान्यताप्राप्त आहे हे लेखी मिळाल्यावरच. ते लेखी द्यायला विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर पहिलं घ्या आणि रोजचा हिशेब जुळवायला एक माणूस नेमा.

डेमोला जाल तेव्हा विक्रेत्याचं नमुना कार्ड वापरू नका, स्वतःचं न्या. बारचं बिल उघडा, दोनदा ऑर्डर वाढवा, टिप टाका, बिल बंद करा. मग वेटरच्या लॉगिनने ते रद्द करायचा प्रयत्न करा. वायफाय बंद करून पुन्हा एक बिल करा. शेवटी बिलिंगच्या पडद्यावर आणि छापील पावतीवर तुमच्या कार्डाचे किती अंक दिसतात ते मोजा. शेवटच्या चारांपेक्षा जास्त दिसले तर का ते विचारा. पैसे टेबलावर घेणार की काउंटरवर, आणि बार किती वाजता बंद होणार, एवढं कळवलंत तर मशीनं किती लागतील आणि बॅचची वेळ कोणती लावायची ते सांगते.